प्याल्यात काय असावं?

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत नवं घर बांधताना खाली तळघर काढावं, उन्हाळ्यात तिथे गारव्याला बसावं आणि कोपऱ्यात चिनी मातीच्या बरणीत द्राक्षाची वाईन मुरत ठेवावी, असा बेत कुणी मांडला तर घरातच दोन तट पडतील. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असेल, तर विषय तिथेच मिटेल. पण याच गावात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने एके काळी काम उभं केलं, आणि ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला पवित्र मानला जातो. मग पावित्र्य किंवा पाप नेमकं कशात आहे? रसात, त्याच्या आंबण्यात, की पिणाऱ्याच्या हेतूत?

द्राक्षाला हा प्रश्न पडत नाही. फळ चिरडलं की यीस्ट कामाला लागतं, साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊ लागतो. आपल्या उन्हाळ्यात तर एक-दोन दिवसांत रसावर फेस येतो. म्हणजे वाईन आपसूक होते. कष्ट पडतात ते ती होऊ न देण्याचे. अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये हे कष्ट घेतले. पाश्चरच्या संशोधनाचा आधार घेऊन त्याने बाटलीबंद रस तापवला आणि न आंबलेली ‘वाईन’ प्रभुभोजनासाठी पुढे केली. सुरुवातीला तिला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे मद्यपानविरोधी चळवळीने जोर धरला, तसा अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हा रस स्वीकारला.

मराठी मुलखात मात्र याचं उत्तर यंत्राविनाच सापडलं होतं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या किद्दुशसाठी, म्हणजे प्याल्यावरच्या आशीर्वादासाठी, मनुक्यांचं सरबत करत आले आहेत. मनुके धुवायचे, पाण्यात भिजत घालायचे, टम्म फुगले की हाताने कुस्करायचे आणि स्वच्छ फडक्यातून पिळून गाळायचे. तांबूस, गोड सरबत त्याच दिवशी संपतं. आंबायला त्याला सवडच मिळत नाही. तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेली. त्यांनी आशीर्वाद म्हणायचा सोडला नाही, आणि सरबत आहे म्हणून तो उणा आहे असंही मानलं नाही. हेतू आणि वस्तू यांचा इतका साधा मेळ क्वचितच दिसतो.

कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे. त्याच्या धर्मविधीसंहितेतलं 924 वं कलम सांगतं की मिस्सासाठीची वाईन द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी. इथे वस्तूला पर्याय नाही. यामागे हट्ट नाही, निष्ठा आहे: येशूच्या शेवटच्या भोजनात जे होतं, तेच आजही हवं.

तळघरातल्या बरणीला यातला कोणताच आधार थेट मिळत नाही. किद्दुशचा प्याला घरच्यांसमोर उचलला जातो, प्रभुभोजन मंडळीत होतं, आणि वारकऱ्याची माळही चारचौघांत घातली जाते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती; तीही लाखोंच्या समोर घेतली गेली. घेणं असो वा सोडणं, त्याला साक्षीदार आहेत. थकल्या माणसाने गारव्याला बसण्यात काहीच वावगं नाही, विसावा हीसुद्धा धर्माने मान्य केलेली गरज आहे. पण बरणी जमिनीखाली न्यायची ती थंडाव्यासाठी की कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून, याचं उत्तर घरमालकाने प्रामाणिकपणे द्यायला हवं.

जमिनीखालच्या हवेची भीती या भागाला जुनीच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद पेवांत साठवत. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो. आंबणाऱ्या रसातून निघणारा वायूही हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. तेव्हा तळघराला झरोका लागतोच. शिवाय महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. त्याच कायद्याने धार्मिक विधीच्या वाईनसाठी वेगळी वाट ठेवली, म्हणजे प्याल्यामागचा हेतू कायद्यालाही पाहावा लागला.

वस्तूवर ठाम असलेल्या कॅथलिक चर्चनेही एका माणसासाठी वाट काढली आहे. व्यसनाशी झगडणाऱ्या धर्मगुरूला बिशपच्या परवानगीने ‘मुस्तुम’ वापरता येतं, म्हणजे ताजा किंवा आंबणं थांबवून राखलेला द्राक्षरस. 2003 मध्ये रोमने ही सवलत पुन्हा स्पष्ट केली.