कानाचं माप

हेडफोन निवडायला मला सव्वीस दिवस लागले.

दिवाळीच्या बोनसमधले पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते. यमुनानगरहून चाकणपर्यंत कंपनीची बस, मोशी आणि चिंबळी फाट्याला गाड्या तुंबल्या की एका बाजूचा दीड तास. तेवढ्या वेळात नीट गाणं ऐकावं, एवढीच इच्छा होती. दोन रविवार बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत घालवले. कानात घालायचे, कानावर टेकणारे, कान पूर्ण झाकणारे, सगळे लावून पाहिले. भीमसेनजींच्या अभंगवाणीतलं एकच ध्वनिमुद्रण प्रत्येकावर ऐकायचो, कारण त्यातला पखवाज आणि टाळ माझ्या कानात पक्के बसलेले आहेत. एका जोडीत पखवाज छान घुमायचा पण टाळ बोथट व्हायचे. दुसरीत टाळ इतके टोकदार की पाच मिनिटांत डोकं दुखायला लागलं. मित्राला तीच जोडी फार आवडली होती, पण मला नाही चालली, आणि त्यात गैर काही नाही.

त्या दिवसांत मला माझे कान पहिल्यांदा कळले. डाव्या कानाला मधल्या मापाची रबरी टोपी बसते, उजव्याला लहान. टोपी नीट बसली नाही की फट राहते, खर्जातला आवाज तिथून निसटतो, बाहेरचा आत येतो. कान झाकणाऱ्या जोडीत माझ्या चष्म्याची दांडी आड येऊन तशीच फट पडायची. मऊ गादीची जोडी घेतल्यावर ती बुजली. बाहेरचा आवाज मारणारी यंत्रणा कशी चालते तेही वाचून काढलं. छोटा माइक बाहेरची घरघर टिपतो आणि आतून तिच्या नेमका उलटा आवाज सोडला जातो. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा असा हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आला. बसच्या इंजिनाची सलग, खालच्या पट्टीतली घरघर ती यंत्रणा चांगली गिळते. हातोडीसारखा अचानक येणारा ठोका मात्र तिला आवरत नाही. घरघर कमी झाली की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही, आणि खरी कमाई तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणून मी फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावून घेतली.

एवढं सगळं मी स्वतःच्या दोन कानांसाठी केलं. नवी जोडी लावून बसमध्ये बसलो होतो, बाहेर स्पाइन रोड सरकत होता, आणि मला उदगीरकडचा तो मुलगा आठवला.

मी प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. महाळुंगेच्या बाजूला, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका युनिटमध्ये. दोनशे टनी प्रेसच्या लाइनवर उभं राहिलं की मीटर ९८ ते १०२ डेसिबल दाखवतो. कारखान्यांच्या नियमांचा तक्ता मला तोंडपाठ आहे: ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन. पाळी आठ तासांची असते, ओव्हरटाइम लागला तर बारा. म्हणजे कानाला संरक्षण दिल्याशिवाय तिथे कोणाला उभं करताच येत नाही. ते देण्याचं काम माझं. महिन्याच्या पहिल्या तारखेला स्टोअरमधून फोमच्या प्लगांचा खोका यायचा, सगळे एका मापाचे. मी ते लाइनवरच्या मुलांना वाटायचो, रजिस्टरवर त्यांची सही घ्यायचो, खाली माझी करायचो.

तो मुलगा कॉन्ट्रॅक्टवर आला होता. आठवडाभरात माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, हे बसंना कानात. दुखायलंय."

मी म्हणालो, "दाबून बसव. बाकीच्यांना बसतंय, तुलाच कसं बसत नाही?"

हे वाक्य मी माझ्या तोंडून बाहेर पडलं तसंच लिहितो आहे. आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी दोन डाय बदलायच्या होत्या आणि मला मोकळं व्हायचं होतं. त्याने प्लग खिशात ठेवला. नंतर पुढचे महिने मी लाइनवरून जाताना तो कानात घालायचा आणि मी पुढे गेलो की काढायचा. मला हे दिसत होतं. रजिस्टर भरलेलं होतं आणि तेवढ्यावर माझं समाधान होत होतं.

अर्धवट वापराचा हिशोब मी सेफ्टीच्या प्रशिक्षणात ऐकलेला होता. प्रयोगशाळेत तीस डेसिबल अडवणारा प्लग निम्मी पाळी कानात आणि निम्मी खिशात राहिला, तर आवाजाच्या ऊर्जेच्या मापाने पूर्ण पाळीत मिळून बचाव होतो जेमतेम तीन डेसिबलचा. आणि कानात असतानाही तो टोकालाच अडकलेला असेल तर तीसही अडत नाहीत. फोमचा प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. हे मी एकालाही करून दाखवलं नव्हतं. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानदाराने मला टोप्यांची तीन मापं समोर ठेवून, आरसा देऊन, टोपी कशी बसवायची ते शिकवलं होतं.

अडीच वर्षांनी वार्षिक तपासणीत त्याचा श्रवणआलेख आला. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झपाशी खड्डा. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हा खड्डा ओळखायला डॉक्टर लागत नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि बहुतेकदा आधी या पट्टीतल्या जातात. सुरुवातीला माणसाला काही कळत नाही. मग गर्दीत स, श अशी अक्षरं निसटायला लागतात. बोलणं ऐकू येतं पण लागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने आवाजामुळे येणारं हे बहिरेपण सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत धरलं होतं.

कागद हातात आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आधीच्या कंपनीतून आणलं असेल. त्याच फाइलमध्ये, दोन पानं मागे, तो रुजू झाला तेव्हाचा आलेख होता. सरळ रेघ. मी ती पाहिली आणि फाइल मिटली. त्यानंतर तीन महिन्यांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.

मी स्वतःला खूप कारणं देऊन पाहिली. खरेदी माझ्या हातात नाही, मुलं ठेकेदाराची, टार्गेट वरून येतं, प्लगने कान झाकले की मशीनचा आवाज कळत नाही म्हणून मुलंच काढतात. यातलं शेवटचं खरं आहे. जुना ऑपरेटर डाय घसटली की आवाजावरून ओळखतो आणि कान पूर्ण बंद झाले तर तो बेचैन होतो. पण त्यासाठीही वेगळे प्लग मिळतात, कमी अडवणारे, बोलणं थोडं आत सोडणारे. विचारलं असतं तर कळलं असतं. स्वतःच्या गाण्यासाठी मी सव्वीस दिवस विचारत फिरलो होतो.

जानेवारीत मी वरच्या साहेबांकडे गेलो आणि चार प्रकार मागवायची परवानगी मागितली: नेहमीचा फोम, लहान मापाचा फोम, तीन चकत्यांचा सिलिकॉन प्लग आणि कान झाकणारा मफ. त्यांनी दहा मिनिटांत सही केली. त्या सहीचा मला आनंद झाला नाही, लाज वाटली. अडीच वर्षं मी विचारलंच नव्हतं.

आता लाइनच्या तोंडाशी टेबल आणि आरसा आहे. नवा माणूस आला की चारही लावून बघतो. प्लग घातल्यावर मी त्याला दोन्ही तळव्यांनी कान झाकायला सांगतो. तसं झाकल्यावर बाहेरचा आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. असेंब्लीकडच्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी लहान माप उचललं. आजवर त्या मोठाच प्लग कोंबत होत्या आणि एकीनेही तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करणाऱ्याला मी काय उत्तर दिलं ते शॉपवर सगळ्यांना माहीत होतं.

त्या मुलाचा नंबर ठेकेदाराकडून मिळवला. तो आता रांजणगावला आहे, पुन्हा प्रेसवरच. मी त्याला सांगितलं की तुझा आलेख बिघडलेला होता, मला तो दिसला होता, आणि मी तुला बोललो नाही. दोन्ही कागदांचे फोटो पाठवले, कानाच्या डॉक्टरांना दाखव म्हणालो. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्ही काय करणार." मी काय करू शकलो असतो ते टेबलावर मांडलेलं आहे. त्याच्या कानाचं माप मात्र मी कधी घेतलं नाही.