ज्याचे ऊन आपण हिरावले

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या मुलखात बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याची मादी मातीत खड्डा करते, वीसेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. ती परत फिरकत नाही. पिल्ले आपली आपण अंडी फोडून बाहेर येतात, आपले ऊन आपण शोधतात, पहिला किडा आपण पकडतात, आणि त्यांतली बरीचशी पक्ष्यांच्या नाहीतर सापांच्या तोंडी जातात. रानात या जातीच्या आजारी पिल्लाला कुणी पाणी पाजलेले नाही, त्याच्या आईनेही नाही. आज अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, युरोपातल्या कितीतरी घरांत काचेच्या पेटीत हेच बोटभर पिल्लू डोळे मिटून पडलेले असते आणि कुणीतरी रात्र जागून त्याच्या ओठांवर पाण्याचा थेंब सोडत असते. ज्या जिवाला निसर्गाने शुश्रूषा दिलीच नाही, त्याची शुश्रूषा करणे हा धर्म मानायचा की हौसेचा अतिरेक? माझ्या मते तो धर्मच आहे. मात्र त्याचा उगम दयेत नाही. तो उगम ऋणात आहे, आणि ऋण फेडण्याचे नियम दयेच्या नियमांहून कडक असतात.

हे ऋण कसले, ते सरड्याच्या तापावरून कळते. माणसाला संसर्ग झाला की शरीर आतून तापते. सरड्याला ती सोय नाही. त्याच्या शरीराची ऊब बाहेरून यावी लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर काही प्रयोग केले. रोगजंतू टोचलेले इग्वाना आपणहून नेहमीपेक्षा उष्ण जागी जाऊन बसू लागले, म्हणजे त्यांनी चालत जाऊन ताप मिळवला. मग त्यांना ठरावीक तापमानांत कोंडून पाहिले, तेव्हा ४२ अंश सेल्सिअसला ठेवलेल्यांतले बहुतेक जगले आणि ३४ अंशांना ठेवलेल्यांतले बहुतेक मेले. ताप उतरवणारे औषध देऊनही पाहिले. ज्यांचा ताप खरोखर उतरला, ते दगावले. प्रयोग निष्ठुर होते, पण त्यांतून निघालेली गोष्ट नजरेआड करता येणार नाही. सरड्याचे औषध म्हणजे ऊन, आणि ते घ्यायला त्याला मोकळी जमीन लागते. काचेच्या पेटीत बंद झालेल्या पिल्लाजवळ ती जमीन नसते. त्याला किती ताप चढावा हेसुद्धा दिव्याचे बटण ज्याच्या हाती आहे तो माणूस ठरवतो. आपण त्याचे स्वातंत्र्य घेतले असे म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. आपण त्याची बरे होण्याची शक्ती घेतली. जे घेतले ते परत करणे याला उपकार म्हणता येत नाही.

या पिल्लांचे नेहमीचे आजार पाहिले तर हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, अंग थरथरणे ही हाडे ठिसूळ करणाऱ्या विकाराची लक्षणे. त्याचे कारण बहुतेक वेळा अतिनील किरणांची आणि कॅल्शियमची कमतरता असते. उन्हातले ‘यूव्हीबी’ किरण अंगावर पडले तर सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असले तरच खाल्लेले कॅल्शियम अंगी लागते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून उजेडात ठेवलेले पिल्लूही या अर्थाने अंधारातच असते. यूव्हीबीचा दिवा दिसायला लख्ख जळत राहतो, पण काही महिन्यांनी त्यातले हे किरण क्षीण होतात. पिल्लू खात नाही म्हणून काळजीने घास त्याच्या तोंडात कोंबला जातो. अंग गार असेल तर तो घास पचत नाही आणि पोटातच सडतो. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न हा क्रम ठाऊक नसलेली माया इथे जीव घेऊ शकते. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात ज्ञान आधी आणि दया नंतर असा क्रम सांगितला आहे. कोणत्या जिवाला कशाने इजा होते हे ज्याला कळत नाही, तो अहिंसा पाळणार तरी कशी? कळवळा असून भागत नाही, थर्मामीटर लागतो, आणि थर्मामीटर पाहणे हाही त्या दयेचाच भाग आहे.

यावर पहिला आक्षेप प्रारब्धाचा. रानात वीसांतली एकदोनच पिल्ले मोठी होत असतील, तर पेटीतले एक गेले म्हणून हळहळ कशाला? निसर्ग निवडतो, आपण मध्ये पडू नये. हा युक्तिवाद रानातल्या पिल्लाला लागू पडेलही. पण पेटीतल्या पिल्लाची निवड निसर्गाने केलेलीच नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या दशकातच रोखली. आज इतर देशांतल्या दुकानांत दिसणारी पिल्ले कधीकाळी बाहेर नेलेल्या सरड्यांची, पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेली संतती आहेत. कुणी कुणाशी जोड जमवायची, अंडी किती उबेत ठेवायची, एका पेटीत किती भावंडे कोंबायची, हे सगळे माणसाने ठरवले. इतके ठरवून झाल्यावर आजारपणाच्या वेळीच निसर्गाकडे बोट दाखवणे अप्रामाणिक आहे. लीळाचरित्रात पारध्यांपासून पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपतो आणि ते त्याला अभय देतात. तो ससा त्यांनी पकडून आणलेला नव्हता, तरीही शरण आला एवढ्यानेच त्यांच्यावर जबाबदारी आली. हे पिल्लू तर शरणही आलेले नाही. आपण पैसे मोजून ते घरी आणले. जबाबदारी इथे वाढते.

दुसरा आक्षेप म्हणतो की सरड्याला मन नाही. तो कुणाला ओळखत नाही आणि त्याला होते ती नुसती प्रतिक्रिया. देकार्तच्या काळापासून हा विचार कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून आहे. त्याला उत्तर देताना सरडा आपल्यावर प्रेम करतो असा दावा करायची गरज नाही, आणि तसा पुरावाही नाही. पण १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालास्को आणि कॅबानाक यांनी इग्वानाच्या पिल्लांपुढे पेच टाकला होता. उबदार कोपऱ्यात रोजचे खाणे, आणि गार कोपऱ्यात आवडीचा कोवळा पाला. पिल्ले पाल्यासाठी गारठ्यात जात, पण गारठा वाढत गेला की तो मोह सोडून उबेत राहत. चव आणि गारठा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत तोलता येण्यासाठी आत काहीतरी सुखकर आणि काहीतरी नकोसे वाटावे लागते. यावरून सरड्याच्या अंतरंगाचा पूर्ण पत्ता लागत नाही हे मान्य. पण शंका उरते तेव्हा तिचा फायदा कुणाला द्यायचा, हा प्रश्न नीतीचा आहे. चूक झालीच, तर न दुखणाऱ्या जिवाची फुकट काळजी घेतल्याची चूक मला पत्करेल. दुखणाऱ्याला यंत्र समजल्याची पत्करणार नाही.

सर्वांत जड आक्षेप तिसरा आहे. हे पिल्लू मुख्यतः किडे खाते, दिवसाला कित्येक रातकिडे, तेही जिवंत. ते जगवण्यासाठी आपण शेकडो जीव पेटीत सोडतो. मग ही अहिंसा कसली? शिबी राजाच्या कथेत हा पेच फार पूर्वी मांडला गेला आहे. कबुतराला अभय दिले तर ससाणा उपाशी राहतो, आणि राजाला आपल्या मांडीचे मांस तोलून द्यावे लागते. त्या कथेतले मर्म असे की एका जिवाला वाचवण्याची किंमत तिसऱ्याच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. आपल्या पेटीत नेमके तेच घडते, कारण किंमत रातकिडे मोजतात. याला पळवाट नाही. मात्र या आक्षेपातून पिल्लाला उपाशी मारावे असा निष्कर्ष निघत नाही, कारण किडे खाणे हा त्याचा स्वभाव आहे, अपराध नाही. निष्कर्ष निघतो तो पिल्लू विकत घेण्याआधीच्या क्षणाविषयी. हा सगळा जीवसंहार आपण नुसत्या पाहण्याच्या आनंदासाठी ओढवून घेतो आहोत का, हे तेव्हाच विचारायला हवे होते. एकदा घरात आणल्यावर ते किडेही नीट ठेवणे, त्यांना खाऊपिऊ घालणे, लागतील तेवढेच आणणे, एवढे आपल्या हाती राहते. ते थोडे आहे, पण तेही टाळले तर अहिंसेचे नाव घेऊ नये.

शुश्रूषा कुठे थांबवायची, हा प्रश्नही याच ऋणाचा भाग आहे. या सरड्यांत एका अॅडिनोव्हायरसचा संसर्ग आढळतो. पिल्ले त्याने खंगत जातात आणि त्यावर नेमका उपचार नाही. पोटातले परोपजीवी जंतू औषधाने आटोक्यात येतात, हा विषाणू येत नाही. अशा वेळी वेदना लांबवत राहणे म्हणजे जीवदया अशी आपल्याकडे समजूत आहे. १९२८ साली साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य यातनांत होते आणि बरे होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिले. त्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लिहून ही अहिंसाच होती असे ठामपणे मांडले. मला त्यांचे म्हणणे पटते, एका अटीवर. आशा नाही हा निर्णय कंटाळ्यातून, खर्चाच्या धास्तीतून किंवा अज्ञानातून आलेला नसावा. पिल्लाची किंमत तपासणीच्या फीपेक्षा कमी आहे, हे तर त्याला मरू देण्याचे कारण होऊच शकत नाही. फी त्या पिल्लासाठी लागते आहे आणि ते आणले आपण.

तेव्हा ज्यांच्या घरी असे पिल्लू आज मलूल पडले आहे, त्यांनी आधी ऊब घेण्याच्या जागेचे तापमान मोजावे. ते साधारण ४० अंशांच्या आसपास हवे, आणि पेटीचे दुसरे टोक त्याहून बरेच गार हवे, म्हणजे निवड पुन्हा त्याच्या पायांत येईल. यूव्हीबीचा दिवा कधी बसवला ते पाहावे. भावंडे एकत्र असतील तर वेगळी करावीत, कारण ती एकमेकांच्या शेपट्या आणि बोटे चावतात. रोजचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवावे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे विष्ठेच्या नमुन्यासह त्याला लवकर न्यावे. आणि ज्यांनी अजून आणलेले नाही, त्यांनी असा पशुवैद्य आपल्या गावात आहे का, हे दुकानात जाण्याआधी शोधावे. नसेल तर पिल्लू आणू नये.