निरीश्वराचा शेजारधर्म

अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेनेसीसारख्या राज्यातील एखाद्या लहान गावी, नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसाचे नाव, गाव आणि चाकरी यांची विचारपूस आटोपते न आटोपते तोच शेजारी त्याला विचारतो, "आपण कोणत्या चर्चला जाता?" या प्रश्नामागे धर्मपरीक्षेचा हेतू बहुधा नसतो. नवख्या कुटुंबाला रविवारी एकटे वाटू नये, मुलांना सवंगडी मिळावेत आणि अडीअडचणीला हाक मारण्यासाठी चार घरे हाताशी असावीत, एवढीच सदिच्छा त्यात असते. आणि ईश्वराचे अस्तित्व न मानणाऱ्याची कसोटी लागते ती या सदिच्छेपाशीच. ज्या गावात दानधर्म, संगीत, मुलांचे खेळ आणि मृताची अखेरची व्यवस्था या सर्वांचे पाट एकाच विहिरीवरून काढलेले आहेत, त्या गावात 'मी त्या विहिरीवर येत नाही' असे म्हणणाऱ्याला, आपण माणुसकीचा त्याग केलेला नाही, हे निराळे सिद्ध करावे लागते.

माझ्या घरी शस्त्रक्रियेनंतरचे दीर्घ आजारपण आले, तेव्हा शेजारच्या बाप्तिस्त पंथाच्या चर्चमधील स्त्रियांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या आणि रोज संध्याकाळी एकेक झाकलेले भांडे आमच्या दाराशी येऊ लागले. भांडे ज्याचे त्याला परत जावे म्हणून त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून तीवर शाईने मालकिणीचे नाव लिहिलेले असे, आणि सोबतच्या चिठ्ठीत 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहोत' हे वाक्य कधी चुकत नसे. ती प्रार्थना ऐकणारा कोणी आहे असे मी मानीत नाही. परंतु ती करणारीच्या मनात माझ्या माणसाविषयी कळकळ होती हे मला निःसंशय ठाऊक होते, आणि त्या कळकळीबद्दल आभार मानताना मला एकही शब्द खोटा बोलावा लागला नाही.

आम्हां मराठी मंडळींना येथे एक आडोसा आपोआप मिळतो. आमचे नाव आणि वर्ण पाहून शेजारी आम्हांस हिंदू समजतो, आणि आमचे देव निराळे असतील हे तो सहज मान्य करतो. देवच नसणे मात्र त्याच्या आकलनात बसत नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी देव्हाऱ्याचा मागमूस नाही असे माझ्या परिचयाचे कित्येक गृहस्थ 'आम्ही हिंदू' एवढे बोलून विषय मिटवतात. ही सोय मला पटत नाही, कारण तिच्यामुळे त्याच गावात, एखाद्या बाप्तिस्त घरात जन्मलेला आणि श्रद्धा गमावलेला तरुण अधिकच एकाकी पडतो. त्याला कसलाच आडोसा नाही. त्याने मन उघड केले तर पोरगा नरकात जाणार या भयाने त्याची आई रात्र रात्र रडते, आणि तिचे ते रडणे खोटे नसते.

जेवणापूर्वी यजमान हात जोडून किंवा एकमेकांचे हात धरून प्रार्थना म्हणतात तेव्हा मी मान लववून स्तब्ध बसतो, परंतु 'आमेन' म्हणत नाही. स्तब्ध बसणे ही यजमानाची राखलेली मर्यादा आहे. जे मानत नाही त्याला मुखाने अनुमोदन देणे ही खोटी साक्ष होईल. हा भेद क्षुल्लक भासेल, परंतु नास्तिकावरील सर्वांत जुना आरोप नेमका याच ठिकाणी येऊन भिडतो. सहिष्णुतेचा थोर पुरस्कर्ता म्हणून गाजलेल्या जॉन लॉकने 1689 सालच्या आपल्या सुप्रसिद्ध पत्रात नास्तिकांना सहिष्णुतेच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि कारण दिले ते असे की, वचन, करार आणि शपथ ही समाजाची बंधने ईश्वर नाकारणाऱ्यावर चालू शकत नाहीत. पुढे मेरीलँड राज्यात रॉय टॉर्कासो नावाच्या हिशेबनिसाची नोटरी म्हणून नेमणूक झाली, तेव्हा ईश्वरावरील विश्वास जाहीर करण्यास त्याने इनकार केल्यामुळे त्याची सनद अडवून धरण्यात आली. दस्तऐवजांची सत्यता प्रमाणित करण्याच्या कामासाठी नेमलेल्या माणसाने एक असत्य वाक्य उच्चारले असते तर तो पात्र ठरला असता. ते उच्चारण्यास तो तयार नव्हता म्हणून अपात्र ठरला. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. लॉकच्या युक्तिवादाला याहून समर्पक उत्तर मला ठाऊक नाही.

शाळेत सकाळी मुले छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाशी जी प्रतिज्ञा करतात, तीत ईश्वराचा उल्लेख 1954 साली घालण्यात आला, आणि ईश्वरावर विश्वास असल्याचे वाक्य 1956 साली राष्ट्राचे अधिकृत ब्रीद झाले. साम्यवादी रशिया निरीश्वर, म्हणून निरीश्वर तो देशद्रोही, हे त्या काळचे समीकरण होते आणि त्याची छाया अद्याप सरलेली नाही. तथापि प्रतिज्ञा न म्हणण्याचा हक्क मुलांना त्याआधीच, 1943 साली, मिळालेला होता, आणि तो मिळवून दिला यहोवाचे साक्षी या पंथाच्या कुटुंबांनी. ध्वजाला वंदन करणे म्हणजे मूर्तिपूजा होय आणि वंदन एका परमेश्वरालाच, अशी त्यांची श्रद्धा होती. शपथेचीही हकिकत अशीच आहे. अमेरिकन राज्यघटनेने शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञापूर्वक कथन करण्याची मुभा ठेवली ती मुख्यतः क्वेकर पंथीयांसारख्या भाविकांकरिता. शपथ घेऊच नका या ख्रिस्तवचनावर त्यांची निष्ठा होती आणि तिच्यापायी त्यांनी इंग्लंडात तुरुंग भोगले होते. न्यायालयात ईश्वराचे नाव न घेता आज मला जी साक्ष देता येते, ती या कमालीच्या श्रद्धाळू माणसांच्या हट्टामुळे, आणि हे ऋण नास्तिकांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

खुद्द बाप्तिस्तांचा इतिहास निराळा नाही. व्हर्जिनियात त्यांच्या उपदेशकांना परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल कोठडीत डांबण्यात आले होते, आणि राज्यसत्ता व धर्मसंस्था यांच्यामधील भिंतीचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सनने 1802 साली ज्या पत्रात उल्लेख केला, ते पत्र कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्तिस्तांनाच लिहिलेले होते. आज टेनेसीत बाप्तिस्त हाच प्रबळ पंथ आहे, आणि त्याच टेनेसीच्या राज्यघटनेत, ईश्वर किंवा मरणोत्तर न्याय नाकारणाऱ्याला मुलकी अधिकारपद मिळू नये, असे कलम अजून छापलेले आहे. टॉर्कासोच्या निकालाने ते निष्प्रभ झाले असले तरी पुसले गेलेले नाही. 2022 साली मतदारांनी त्याच्या शेजारचे, धर्मोपदेशकांना विधिमंडळात मज्जाव करणारे कलम काढून टाकले; हे मात्र तसेच राहिले. ते रद्द व्हावे म्हणून मूठभर नास्तिकांनी अर्ज केला तर तो स्वार्थाचा ठरेल. माझ्या दाराशी भांडी आणून ठेवणाऱ्या त्या स्त्रियांनी आणि त्यांच्या पाद्रीसाहेबांनी तो अर्ज करावा, असे मला वाटते. परवान्यावाचून बोलल्याबद्दल ज्यांचे पूर्वज तुरुंगात गेले, त्यांना तो मसुदा लिहिण्याचा अधिकार माझ्याहून मोठा आहे.