बाड कोणाचे, नाव कोणाचे?

सज्जनहो, आज एक जुने ऋण सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावी माझे कीर्तन होते. ज्या घरी उतरलो, तिथे देव्हाऱ्याजवळ लाल फडक्यात बांधलेले भजनाचे बाड होते. प्रत्येक अभंगावर चालीची खूण लिहिलेली. काही चाली मी उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. आठ दिवसांच्या बोलीने बाड नेले, उतरवून घेतले आणि पुढे लहान पुस्तक छापले. वर माझे नाव, आत ‘सर्व हक्क स्वाधीन’. त्या घराचा उल्लेख कुठेच नाही.

पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा घरच्या आजींनी पुस्तक पुढे ठेवले. म्हणाल्या, “महाराज, देवाचं गानं आमचं कसं होईल जी? पन वही त आमच्या मामंजींनी लिहिली ना. त्यांचं नाव कुठं आहे?” चाळीस वर्षे निरूपण केलेल्या माझ्या तोंडाला उत्तर सुचले नाही.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. तुकोबारायांना वैकुंठाला जाऊन पावणेचारशे वर्षे होत आली. अभंग सर्वांचे आहेत. संपादकाने स्वतः लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा तेवढ्या त्याच्या. म्हणजे माझे ‘सर्व हक्क’ कायद्यानेही पोकळच होते.

पण परंपरा वेगळे विचारते. सालोमालोने तुकोबांच्या अभंगांत आपले नाव घातले, असे आपण कीर्तनात सांगतो आणि श्रोते हसतात. तेव्हा कुठे कायदा होता? तरी ती चोरीच ठरली. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण तिच्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली. त्यांनी स्वतःकडे श्रम घेतले, ग्रंथ माउलींचाच ठेवला. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा निघाली, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा कोणकोणत्या ठिकाणच्या पोथ्या पाहिल्या ते सांगितले. इंग्रजी शिकलेल्या त्या पंडितांना जे कळले, ते गळ्यात तुळशीची माळ घालून मला कळले नव्हते.

कोणी म्हणेल, संतांनी सर्वांसाठी दिले, मग परवानगी कशाला? अभंगाला परवानगी नकोच. पण पावसात गळक्या छपराखालून, वाळवीच्या तोंडातून ते बाड ज्यांनी तीन पिढ्या वाचवले, त्यांची ती सेवा आहे. विचारायचे त्या सेवेला. आणि घराने ‘नाही’ म्हटले तर? अभंग कायमचा कोंडून ठेवण्याचा अधिकार त्या घरालाही नाही. पण म्हणून चोरून फोटो काढू नये. पुन्हा जावे, बसावे, एक भजन म्हणावे, समजवावे. वेळ लागेल.

म्हणून आज मोबाईल घेऊन जुनी बाडे शोधणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो: विचारून घ्या, जसे आहे तसे उतरवा, कोणाच्या घरचे ते लिहा, छापलेली पहिली प्रत त्या घरी पोचवा. आणि पुढच्याला उतरवू द्या. त्यावर कुलूप घालू नका.

दुसऱ्या आवृत्तीत मी ‘हक्क स्वाधीन’ काढले आणि पहिल्या पानावर आजींच्या मामंजींचे नाव घातले. प्रत घेऊन गेलो, तेव्हा आजी राहिल्या नव्हत्या. नातवाने ती प्रत त्याच लाल फडक्यात, बाडाशेजारी ठेवली.

रामकृष्ण हरि.