शिशापाशी थोडा वेळ

सावकाश बसा. हातात काही घ्यायचे नाही. आपल्याकडे परवान्याविना काडतूस भरता येत नाही, तेव्हा मनानेच अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये जाऊ. रायफलची काडतुसे घरी भरण्याचा छंद तिथे जुना आहे. त्यातही गोळी स्वतः ओतणारे म्हणजे जरा वेगळीच जमात. दार सताड उघडे आहे, कारण शिसे एकदा अंगात भिनले की सहजी निघत नाही. टेबलावर लोखंडी भांडे आहे.

भांड्याकडे बघा. शिसे ३२७ अंशांना वितळते. वर राखाडी साय धरते. मेणाचा खडा टाकला की धूर होतो, भडका उडतो, आणि ढवळल्यावर मळी वर येते. ती पळीने काढायची. पळी कोरडीच हवी. पाण्याचा थेंब शिशाखाली अडकला तर त्याची वाफ होते आणि वितळलेले शिसे तोंडावर उडते. श्वासाकडे लक्ष द्या असे इथे कुणाला सांगावे लागत नाही.

आता विचारू, हे शिसे आले कुठून?

कधीकधी छापखान्यातून. लायनोटाइप यंत्र शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणातून अक्षरांची अख्खी ओळ ओतायचे. १९७८ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने हे यंत्र बंद केले. त्या सुमारास वर्तमानपत्रे एकामागून एक या धातूतून मोकळी होत गेली, आणि ओतणाऱ्यांची चंगळ झाली. अँटिमनीमुळे गोळी कडक होते, कथिलामुळे साचा नीट भरतो. आपल्या छापखान्यांतले खिळेही याच तीन धातूंचे असत. ज्या शिशात बातमी जुळली, मृत्युलेख जुळला, जाहिरात जुळली, त्यातच आता गोळी. शिशाला याचे काहीच नाही. इथे थोडे थांबा; पटकन हळहळू नका.

कारण याहून जुनी एक नोंद आहे. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये लोकांनी इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, पुतळा पाडला. तो शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला बंडखोरांच्या बाजूचे जनरल ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी गेले. तिथल्या बायकामुलांनी त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कुणी किती, याचा हिशेब ठेवला गेला. मुलगी लॉरा ८,३७८. धाकटा फ्रेडरिक ९३६. त्या ९३६ वर मन ठेवून बघा. मुलाच्या हातात साचा कसा दिला असेल, आणि शेवटी त्याचा आकडा कुणी कौतुकाने लिहिला असेल? मला त्या कौतुकाचे राहून राहून नवल वाटते.

परत टेबलाशी. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला की ती पिठूळ दिसते. दोन्ही पुन्हा भांड्यात. धातूचा कडकपणा बघायला काही जण चित्रकाराच्या पेन्सिली वापरतात: ६बी पासून सुरुवात करून जिचा ओरखडा उठेल तिथे थांबायचे. गोळीला वंगण लागते, बुडाला कधी तांब्याची छोटी वाटी बसते. यातल्या बहुतेक गोळ्या कागद भोकसतात. काही हरणालाही लागतात, तेही या मननातून वगळू नका.

आता खरे अवघड ठिकाण. ओतीव गोळीमागे बंदुकीची दारू बहुधा थोडीच लागते, त्यामुळे काडतुसाची पुंगळी बरीच रिकामी राहते. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते, आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. कळते ते चाप ओढल्यावर, गालाशी टेकलेल्या रायफलीत. म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवायच्या आणि गोळी बसवण्याआधी वरून दिवा धरून प्रत्येकीत डोकवायचे. दारू सगळीकडे एकाच पातळीला आहे ना? एक बघा. मग दुसरी. तिसरीपर्यंत नजर आपोआप पुढे सरकू लागते, डोळे उघडे असून बघणे थांबते. हे आपल्या बाबतीत केव्हा होते, तेवढे टिपा. मधेच फोन वाजला तर पहिलीपासून.

एका पुंगळीविषयी शंका आली तर त्या खेपेतल्या सगळ्या रिकाम्या करून पुन्हा वजन करणारे लोक आहेत. सोबतचे त्यांना हसतात. कुणाशेजारी बसून नेम धरायची वेळ आली, तर मी अशांच्याच शेजारी बसेन.