बंगल्याची हिरवळ आणि गावाची पाणीपाळी

होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या बाजूला नव्या बंगल्यांपुढे हिरवळ लावायची हौस आता चांगलीच रुजली आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. सोलापुरात हौसेला पाणी मात्र लागतं, आणि ते रोज लागतं. माळी दोन दिवस येतो, चार दिवस दांडी मारतो. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. सत्तरीच्या आई-वडिलांनी उन्हं चढायच्या आत पाइप ओढत हिंडायचं, हे कुणालाच पटत नाही. मग बांधकाम चालू असतानाच कुणीतरी सुचवतं की स्प्रिंकलर बसवून घ्या आणि त्यावर एक स्मार्ट कंट्रोलर टाका, पुण्यात बसलेला मुलगा फोनवरून बघेल सगळं.

पेटी छोटीच असते. जिन्याखाली किंवा पार्किंगच्या भिंतीवर मावते. तिच्यातून निघालेल्या वायरी बागेतल्या विजेच्या व्हॉल्व्हपर्यंत जातात. चोवीस व्होल्टचा प्रवाह मिळाला की व्हॉल्व्ह उघडतो, थांबला की मिटतो. एवढं साधा टायमरही करतो. कंट्रोलरचं वेगळेपण त्याच्या प्रश्नांत आहे. पहिल्यांदा सुरू करताना तो बागेच्या प्रत्येक तुकड्याची चौकशी करतो. इथे गवत आहे की झुडपं? माती चिकण, पोयट्याची की वाळूची? उतार किती? ऊन दिवसभर की अर्धा दिवस? मग इंटरनेटवरून तापमान, वारा, हवेतला दमटपणा ही माहिती घेऊन रोज हिशेब करतो की आज मातीतून आणि पानांतून किती पाणी उडालं. इंग्रज शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली यासाठी सूत्र मांडलं, पुढे त्यात सुधारणा झाल्या, आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं सुधारलेलं सूत्र प्रमाण म्हणून जगापुढे ठेवलं. हवामान पाहून चालणाऱ्या कंट्रोलरांच्या पोटात त्याच जातीचं गणित असतं. मातीचं जणू पासबुकच ते ठेवतं : पाऊस जमा, बाष्पीभवन खर्च, आणि शिल्लक ठरावीक रेषेखाली गेली की मगच पाणी. चिकण माती असेल तर पाणी एकदम सोडत नाही. काही मिनिटं देतं, थांबतं, जिरू देतं, पुन्हा देतं. काळ्या जमिनीत बाग करणारा मुरलेला माळी हेच करतो, फक्त त्याला पेनमन ठाऊक नसतो.

मला हे यंत्र आवडतं. त्याला नाकं मुरडायचं काही कारण नाही. आपली पाणी घालायची रीत तरी काय? कोरडं दिसलं की सोडा, आणि मन भरेपर्यंत सोडा. आदल्या रात्री पाऊस पडून गेला तरी सकाळी नेमाने पाइप हातात घेणारे लोक मी पाहिले आहेत. झाडाच्या तहानेपेक्षा माणसाच्या समाधानावरच जास्त पाणी जातं, आणि यंत्राला समाधान नावाची गोष्ट नसते.

पण हिशेबच करायचा तर पुरता करावा. गुंठाभर हिरवळ धरा, म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या घरात आणि वर भणाणता वारा असताना, दिवसाला सात मिलिमीटर उडतं असं धरलं आणि गवताला त्यातलं पाऊण लागतं असं मानलं, तरी रोजचे सव्वापाचशे लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं आपलं सरकारी मानक आहे. म्हणजे गुंठाभर गवत चार माणसांचं पाणी पितं. कंट्रोलर यातला एक थेंब वाया घालवणार नाही, हे खरं. पहाटेच्या गारव्यात, मोजून मापून, सगळं गवतालाच पाजेल.

कॅलिफोर्नियात अशा कंट्रोलरांची मोठी पाहणी झाली आणि तिचा अहवाल २००९ साली आला. दोन हजारांहून जास्त ठिकाणं तपासली होती. बागेच्या पाण्यात सरासरी बचत निघाली सहा टक्क्यांच्या आसपास. पण या सरासरीच्या आत डोकावलं तर वेगळंच दिसतं. सुमारे ५७ टक्के ठिकाणी पाणी कमी झालं आणि जवळपास ४२ टक्के ठिकाणी चक्क वाढलं. त्यात नवल काही नाही. जे उधळे होते ते ताळ्यावर आले. पण ज्यांनी आधीपासून हात आखडूनच पाणी दिलं होतं, गवत थोडं पिवळं पडलं तरी ज्यांचं काही अडत नव्हतं, त्यांच्या बागेला यंत्रानं सूत्राप्रमाणे पोटभर पाजलं. झाडाला किती हवं हे यंत्राला कळतं. गावात पाणी किती आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सोलापुरात तर सगळा प्रश्न तोच आहे. वर्षानुवर्षं इथे नळ रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात कधी त्याहूनही लांब. पाणी कधी येणार हे ठरतं ते चौकातल्या चेंबरमध्ये लोखंडी चावी फिरवणाऱ्या माणसाच्या हातानं. त्याचा फोन नंबर जिच्याकडे आहे त्या बाईला गल्लीत मान असतो. रात्री दोनला नळ आला तर अख्खी गल्ली रात्री दोनला जागी. बागेचा व्हॉल्व्ह पहाटे साडेचारला बिनचूक उघडेल, पण त्याच्या मागे घरचा संप, संपाच्या मागे चौकातला व्हॉल्व्ह, त्याच्या मागे महापालिकेची टाकी, आणि टाकीच्या मागे शंभरावर किलोमीटरवरची उजनी.

उजनीचं गणित बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना दमछाक होते. १९८० च्या सुमारास भीमेवर पुरं झालेलं हे धरण शंभर टक्के भरलं की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्के’ असं येतं तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि उन्हाळ्यात ‘उजनी वजा’ अशा बातम्या येऊ लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. शहराच्या टाकळी पंपगृहासाठी पाणी उजनीतून नदीच्या पात्रात सोडतात आणि औज व चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवतात. एवढ्या लांबच्या वाटेवर शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं. थोडं पात्र पितं, थोडं ऊन पितं, आणि बाकीचं दोन्ही काठांवरच्या मोटारी. थेट जलवाहिनी टाकली ती या कारणानं, आणि तिला समांतर दुसरी टाकायचा खटाटोपही त्यासाठीच. या मापापुढे बंगल्यातल्या पेटीनं वाचवलेले शे-दोनशे लिटर शोधून सापडायचे नाहीत.

बरं, बाष्पीभवनाचा हिशेब सोलापूरला पेटीनं शिकवावा अशीही परिस्थिती नाही. १९३३ साली इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथले संशोधक कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या जमिनीत पावसाचं पाणी किती मुरतं, किती वाहून जातं, किती उडतं याची मापं घेतली, आणि त्यातून पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली रीत उभी राहिली : बांधबंदिस्ती, शेणखत, पेर विरळ, दोन ओळींत अंतर जास्त, आणि पुन्हा पुन्हा कोळपणी. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे शेतकरी आधीपासून म्हणतच होता. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्यानं वरची दोन बोटं माती मोकळी केली की भेगा बुजतात आणि ओल खालीच राहते. पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर, तेही लहरी पावसावर, या जिल्ह्यात रब्बीची ज्वारी पिकते ती या ओलीवर.

कंट्रोलर आणि कोरडवाहू केंद्र, दोघांचं गणित जवळपास एकच. फरक सुरुवातीचा आहे. कंट्रोलर गवत ठरलेलं धरतो आणि त्याला पाणी किती ते काढतो. कोरडवाहू शेतकरी पाणी ठरलेलं धरतो आणि त्यात काय येईल ते काढतो. सोलापूरसारख्या गावात दुसऱ्या टोकापासूनच सुरुवात करावी लागते. (याच जिल्ह्यात ऊसही उभा आहे आणि साखर कारखान्यांची रांगही, तेव्हा हे शहाणपण सगळ्यांनी पाळलं असं म्हणायची सोय नाही. पण शेजाऱ्यानं ऊस लावला म्हणून आपण हिरवळ लावावी, हा काही युक्तिवाद नव्हे.)

दुरून पाणी चालू-बंद करण्याची गरज महाराष्ट्रात खरी कुणाला होती, तर शेतकऱ्याला. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अंधारात, विंचू-सापांतून विहिरीपर्यंत जायचं, आणि तिथे गेल्यावर कळायचं की वीज नाहीच. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ नावाचं उपकरण काढलं. मोबाइलवरून मोटार चालू करता येते, बंद करता येते, आणि वीज आहे की नाही तेही घरबसल्या कळतं. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. बंगल्यातला कंट्रोलर हा याचा श्रीमंत भाऊ. पण शेतकऱ्याचे पाय वाचले, झोप वाचली, कदाचित जीवही वाचला. त्या उपकरणाबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

त्याच शिवारात दुसरं एक उपकरण आहे, ऑटोस्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं यात गैर काहीच नाही. पण रोहित्रावरच्या सगळ्यांनीच ऑटोस्विच बसवले की वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उचल घेतात आणि रोहित्र जळतं. मग आठ-आठ दिवस कुणालाच पाणी नाही. महावितरण कितीदा तरी विनवतं की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. शहरातला याचा भाऊबंद म्हणजे टिल्लू. नळाला पाणी आलं की थेट नळालाच मोटार लावायची आणि शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढून घ्यायचं. एकानं लावली तर एकाचा फायदा, सगळ्यांनी लावली तर गल्लीच्या शेवटच्या घरात नुसती हवा. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली गणित करून दाखवलं होतं की इंटरनेटला जोडलेल्या कंट्रोलरांत कुणी शिरकाव करून १,३५५ स्प्रिंकलर एकदम सुरू केले, तर पाण्याची उंच टाकी तासाभरात रिकामी होईल. आपल्याला त्यासाठी बाहेरच्या हॅकरची गरज नाही, टिल्लू पुरेसा आहे.

म्हणून मला वाटतं, पाण्याच्या बाबतीत अक्कल कुठे बसवली आहे याला फार महत्त्व आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. बंधाऱ्यातून पाट निघायचा, शिवाराचे फड पाडलेले असायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आणि पाणी द्यायचं काम शेतकऱ्याचं नाहीच, ते पाटकऱ्याचं. गावानं नेमलेला हा माणूस कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं ते बघायचा आणि स्वतः बारं मोडायचा. आपल्याच शेताच्या पाण्याला मालकानं हात लावायचा नाही! पाऊस कमी झाला तर त्या हंगामात एखादा फडच पडीक ठेवायचा, म्हणजे तुटीतही सगळे सारखे वाटेकरी. पेनमनचं सूत्र नव्हतं, सेन्सर नव्हता, तरी हा कंट्रोलर मला बंगल्यातल्या पेटीहून हुशार वाटतो. बंधाऱ्यात पाणी किती आहे, हे पाहूनच तो कामाला लागायचा.

तेव्हा कंट्रोलर घ्यावा की नाही? गच्चीवर चाळीस-पन्नास कुंड्या असतील, मोगरा, तुळस, कढीपत्ता असेल आणि घरात वयस्कर माणसं असतील, तर ठिबकच्या नळ्या आणि सेलवर चालणारा साधा टायमर पुरतो. पाऊस आला की तो हातानं बंद करायचा, एवढंच. बाग मोठी असेल आणि कंट्रोलर बसलेलाच असेल, तर हिशेबातल्या पाण्याची टक्केवारी कमी करण्याची सोय त्यात बहुधा असते. उन्हाळ्यात ती निम्म्यावर आणा. आपली साधी हरळी त्यानं मरत नाही. पिवळी पडते, आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा फुटते. मे महिन्यात सोलापुरात पिवळं गवत दिसलं तर त्यात कमीपणा कसला? विलायती हिरवळ मात्र काढूनच टाका. कण्हेर, बोगनवेल आणि दारात एक कडुनिंब लावा.

आणि पैसे खर्च करायचेच असतील, आवाज उठवायचाच असेल, तर तो मीटरसाठी उठवा. आपली घरगुती पाणीपट्टी नळाच्या व्यासावर ठरते, वापरावर नाही. गुंठाभर हिरवळ भिजवली काय आणि दोन कुंड्या जगवल्या काय, बिल तेच. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला दारात येणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : आमच्या भागाचा व्हॉल्व्ह कोणत्या वारी, किती वाजता उघडणार, आणि मीटर कधी बसणार.