भुतांचं मागणं

न्यू जर्सीत मॉरिस प्लेन्सजवळ ग्रेस्टोन पार्क नावाचं सरकारी मनोरुग्णालय आहे. २००८ साली तिथले रुग्ण नव्या इमारतीत हलवले गेले आणि १८७६ सालची जुनी दगडी इमारत बंद झाली. २०१५ मध्ये ती पाडली. मधली सात वर्षं एकाच आवारात दोन इमारती होत्या : एक रिकामी, फुटक्या काचांची, आणि दुसरी साडेचारशे खाटांची, माणसांनी भरलेली. रिकाम्या इमारतीकडे रात्री-अपरात्री लोकांची रीघ लागायची. भरलेल्या इमारतीत कुणाला भेटायला म्हणून जाणारं माणूस क्वचितच. मी जवळच राहते. या दोन इमारती शेजारी शेजारी बघताना माझ्यापुढे धर्माचा प्रश्न उभा राहिला : मेलेल्यांचं आपण काय देणं लागतो, आणि जिवंतांचं काय?

पार्सिपनी-मॉरिस प्लेन्सच्या या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. ऑक्टोबर लागला, दारोदारी हॅलोवीनचे भोपळे आले, की आमच्या गल्लीत अनोळखी गाड्या यायला लागायच्या. पोरं दिवे मालवून गाडी कडेला लावायची आणि टॉर्च, कॅमेरे घेऊन झाडीतून कुंपणाकडे जायची. कुत्री भुंकायची, पोलिसांची गाडी यायची, तासाभरानं पुढचा घोळका. भर दुपारी मी पानं गोळा करत असले तरी गाडीची काच खाली करून कुणीतरी विचारायचं, वेड्यांचं हॉस्पिटल कुठं आहे? तुझ्या घरामागे भुतं राहतात, असं माझ्या मुलीला शाळेत ऐकावं लागलं, आणि ती बरेच दिवस मागच्या खोलीत झोपेना.

पण खरा घाव बसायचा तो समोरच्या घरातल्या बाईंना. त्यांनी उभं आयुष्य तिथं नर्स म्हणून काढलं होतं. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते, अशी कहाणी पोरांमध्ये होती. त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसणारी रुग्ण या बाईंना चांगली आठवत होती. थंडीत ती हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक घालायची. कॉफीत भरपूर दूध लागायचं. दर रविवारी केस विंचरून ती भावाची वाट बघत बसायची, आणि भाऊ येत नसे. हे सांगताना बाईंचा चेहरा घरच्या माणसाची भर चौकात कुणी टवाळी करावी तसा झाला होता.

हे आमच्याच गावात घडलं असं नाही. दक्षिण कोरियातलं गोंजियामचं मनोरुग्णालय १९९०च्या दशकात बंद पडलं, ते सांडपाण्याच्या आणि पैशांच्या अडचणींमुळे. लोकांनी मात्र रुग्ण गूढपणे मेल्याची कथा रचली. हौशी लोकांच्या रात्रीच्या फेऱ्यांनी शेजारी हैराण झाले, २०१८ मध्ये त्यावर भयपट आला आणि त्याच वर्षी इमारत पाडली गेली. अडचण साधी होती. साध्या अडचणीला प्रेक्षक मिळत नाहीत.

ग्रेस्टोनची इमारत तर आशेनं बांधलेली होती. डोरोथिया डिक्स या शिक्षिकेनं तुरुंगांत आणि निराधारगृहांत डांबून ठेवलेली मनोरुग्ण माणसं डोळ्यांनी पाहिली आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांपुढे त्यांची बाजू मांडली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस कर्कब्राइड यांचं म्हणणं होतं की खोलीत ऊन-वारा आला, हाताला काम मिळालं, तर मन सावरतं. म्हणून ग्रेस्टोनसाठी वापरलेल्या त्यांच्या आराखड्यात इमारतीचे पाखे टप्प्याटप्प्यानं मागे सरकतात, म्हणजे प्रत्येक खोलीला उजेड मिळतो. ग्रेस्टोनला स्वतःची शेती होती, दुभती जनावरं होती. पुढे काही शे रुग्णांसाठी योजलेल्या त्या आवारात सात हजारांहून जास्त माणसं कोंबली गेली. तिथं दुःख भोगलं गेलं, यात शंकाच नाही. ते गर्दीनं, अपुऱ्या पैशांनी आणि घरच्यांनी पाठ फिरवल्यानं घडलं.

याच इमारतीत १९५६ ते १९६१ अशी पाच वर्षं लोकगायक वुडी गथ्री होता. हंटिंग्टनच्या आजारानं त्याचं शरीर त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं. १९६१च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा बॉब डिलन त्याला भेटायला आला. कुंपणावरून उड्या मारणारी पोरंही साधारण त्याच वयाची असत. इमारत तीच, वय तेच. तो एका माणसासाठी आला होता, एवढाच फरक, आणि माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे.

उत्सुकतेला मी पाप मानत नाही. जुनी इमारत बघायला येणाऱ्यांतल्याच काहींनी ती वास्तू वाचावी म्हणून सभा घेतल्या, सरकारला पत्रं लिहिली. कुणी काढलेल्या फोटोंमुळेच त्या दालनांची नोंद आज उरली आहे. माझा आक्षेप आहे तो भूत बघायला जाण्यावर. असं भूत फार सोयीचं असतं. ते आपल्याकडे काही मागत नाही. जिवंत रुग्ण आपल्याकडे वळून बघतो, नाव विचारतो, पुन्हा कधी येणार म्हणतो. रिकाम्या खोलीत यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्यातून, जिवंतपणी ज्यांना वेडे म्हणून घाबरलो, त्यांनाच मेल्यावर भुतं म्हणून घाबरायचं. म्हणजे मरणानंतरही त्यांची सुटका नाही.

आपल्याकडची समजूत नेमकी उलटी आहे. माझ्या आजीच्या लेखी भूत म्हणजे ज्याचं काही राहून गेलंय असा जीव. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर घाटावरून कुणी पळून जात नाही. लोक हात जोडून विचारतात, काय राहिलं तुमचं? धाकट्याचं शिक्षण आम्ही करू, वहिनींना अंतर देणार नाही, असं एकेक वचन देतात. महालयात तर नातं नाही, नाव ठाऊक नाही, मागे कुणी नाही, अशांसाठीही धर्मपिंड ठेवतात. आत्मा घुटमळतो की नाही, हा वाद मला सोडवता येणार नाही, आणि या आचारासाठी तो सुटायलाही नको. मेलेल्याच्या मागण्याला जिवंत माणसानं उत्तर द्यायचं असतं, एवढं त्यात पक्कं आहे.

असं उत्तर अमेरिकेतही दिलं गेलं आहे. ओरेगन राज्याच्या मनोरुग्णालयात २००४ साली राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष पीटर कोर्टनी पाहणीला गेले असता एका खोलीत तांब्याचे डबे रांगेनं ठेवलेले दिसले. साडेतीन हजारांच्या आसपास डबे, आणि प्रत्येकात कुणी न्यायला न आलेल्या माणसाची रक्षा. तांब्यावर हिरवी-निळी पुटं चढलेली. तिथं भुतांची सहल काढता आली असती. राज्यानं नावांची यादी जाहीर केली. नातवंडं-पतवंडं शोध घेत आली आणि आपापल्या माणसाला घेऊन गेली. उरलेल्यांसाठी २०१४ मध्ये स्मारक झालं. यादी लावणाऱ्यांना धर्मपिंड ठाऊक नव्हता, पण त्यांनी केलं ते तेच.

माझं बालपण ठाण्यात गेलं. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आणि आजही चालू आहे. याला ठाण्याला पाठवा, ही थट्टा आम्ही ठाणेकर मुलांनी मुंबईच्या पाहुण्यांकडून कितीदा तरी ऐकली. समुद्र ओलांडला तरी त्या थट्टेमागची भीती आमच्याबरोबर आलीच. इथल्या मराठी घरांतही मुलाचा मानसिक आजार मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला कळू नये म्हणून आईबाप जिवाचा आटापिटा करतात. बहिणीचं लग्न अडेल, लोक काय म्हणतील. अशा घरात आजारी माणूस जिवंतपणीच नाहीसा होतो.

म्हणून शेजारी या नात्यानं माझं एवढंच म्हणणं आहे. नव्या ग्रेस्टोनमध्ये आज माणसं आहेत, ठाण्यात आहेत, येरवड्यात आहेत. त्यांतलं कुणी आपलं असेल तर त्याचं नाव चारचौघांत घ्यावं आणि भेटीच्या दिवशी जाऊन बसावं. आपलं कुणी नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांच्याकडे बोलणं टाळू नये. पिंडासमोर जी वचनं आपण देतो, ती सगळी ऐकणारा समोर असताना देण्यासारखी असतात.